थंड खोलीतली स्पॅनिश वाइन

गेस्टहाऊसमध्ये नोकरी करणाऱ्याला किस्से शोधावे लागत नाहीत. पाहुणे येतात, जेवतात, निघून जातात. उष्टी ताटं आपण उचलतो आणि ताटांबरोबर गोष्टीही हाताला लागतात. ताटं घासली की मोकळी होतात, गोष्टींचं तसं होत नाही. बोईसर नाक्यावर चहाला बसलो की कोणीतरी म्हणतोच, "दाम्या, ती स्पेनच्या वाइनची सांग." मी सांगतो आणि सगळे हसतात. मी मुळात बुजरा. चारचौघांत बोलायचं म्हटलं की कान तापतात. पण ही गोष्ट सांगताना ते लाजेनं तापत नाहीत, रागानं तापतात. तुम्ही खुशाल हसा. हसून झाल्यावर थोडा राग तुमच्याही वाट्याला यावा, एवढ्यासाठी लिहितोय.

माझं शिक्षण सातवीपर्यंत. आमचं घर पालघरजवळच्या माहीमला, बाबा ताडावर चढणारा. दारूबंदीनं ताडी बंद झाली तेव्हापासून घरातली कमाई आटत गेली आणि सातवीनंतर माझी शाळा सुटली. पुढे तारापूरकडे मोठं बांधकाम निघालं, परदेशी इंजिनियर आले आणि त्यांच्यासाठी बोईसरच्या बाहेर गेस्टहाऊस झालं. तिथं मी टेबलावर वाढायला लागलो. मॅनेजर सबनीससाहेब मुंबईचे. आचारी बस्त्यावमामा वसईचा. आधी बोटीवर स्वयंपाक करायचा, त्यामुळे साहेब लोकांच्या चार भाषा त्याला समजत. साहेबांचं बोलणं आमच्यापर्यंत पोचायचं ते त्याच्या तोंडून.

*

रामोनसाहेब स्पेनचा, मशिनरी बसवायला आलेला. इथे दोन-तीन वर्षं काढायची म्हणून त्यानं आपल्या गावची लाल वाइन मागवली. लाल म्हणजे इतकी गडद की बाटली उजेडात धरली तरी पलीकडचं दिसत नसे. परमिट वगैरे सगळं रीतसर होतं. पेट्या बंदरावरून ट्रकनं हायवेला लागल्या आणि मनोरला वळल्या. उतरवायला माणसं लागणार म्हणून तिथंच डोंगरातले चार-पाच गडी ट्रकमध्ये घेतले. पेट्यांवर बसायचं नाही, टेकायचंसुद्धा नाही, आणि खड्डा आला की पेटी दोन्ही हातांनी धरायची, असा हुकूम होता. मनोर ते मासवण, मासवण ते पालघर, तिथून बोईसर. तो रस्ता ज्यांनी पाहिलाय त्यांना मी काय सांगू?

पेट्या उतरल्यावर साहेब काहीतरी हळू आवाजात बोलला. बस्त्यावमामानं आम्हाला सांगितलं, "साहेब म्हणतो, प्रवासानं वाइन दमलीय. आता दोन महिने तिला कोणी हात लावायचा नाही. तिला झोपू द्यायचं."

लहानू म्हणून एक वारली गडी होता, त्यानं नुकतीच पेटी खाली ठेवून कंबर धरली होती. तो म्हणाला, "आमी मनोरपासून उबेच आलो. आमाला कदी झोपवता?"

सबनीस म्हणाले, "बडबड नको. दुसरी पेटी आण."

*

वाइन मुरायला अंधार लागतो, गारवा लागतो आणि शांतता लागते. आमच्या गेस्टहाऊसात हे तिन्ही एकाच खोलीत होतं. उत्तरेकडची, पाण्याच्या टाकीखालची, जाड भिंतींची खोली. ती नोकरांची खोली. आम्ही तिथं जेवायचो, दुपारी पाठ टेकायचो. एके दिवशी कामावर आलो तर आमच्या चटया आणि ट्रंका बाहेर व्हरांड्यात.

"उन्हाळ्यापुरतं आहे," सबनीस म्हणाले.

उन्हाळा गेला, पावसाळा गेला, दुसरा उन्हाळा आला. आम्ही मागच्या पत्र्याखालीच. भर वैशाखात त्या पत्र्याखाली बसून भात खाताना घाम ताटात पडायचा आणि भिंतीच्या पलीकडे बाटल्या गारव्यात आडव्या.

बस्त्यावमामा म्हणायचा, "दामू, पुढच्या जन्मी बाटली व्हायचं. आडवं पडून राहायचं. जेवढं जास्त पडून राहू तेवढा मान वाढतो."

खोली गार राहावी म्हणून खिडकीला गोणपाट लावलं होतं. ते ओलं ठेवायचं काम माझं. पाणी आणायचं ते बाहेरच्या नळावरून, जिथं बायकांची रांग असायची. रांगेत काशीबाय असायची. ही मांगेलीण, आमच्या किचनला मासळी द्यायची. मी सारखा बादली घेऊन येतो हे बघून तिनं विचारलं, "काय रं, कोनाचं पोर तापलंय? पट्ट्या ठेवता काय कपाळावर?"

मी खाली मान घालून म्हटलं, "नाही. बाटल्यांना पाहिजे."

तिनं मला खालपासून वरपर्यंत बघितलं. मग आपली कळशी बाजूला ओढली आणि माझी बादली नळाखाली सरकवली. "ने बाबा, आदी तू ने. तान्हेल्या असतील."

रांगेतल्या सगळ्या बाया हसल्या. मी ती बादली कशी उचलली ते मला माहीत.

*

आता सबनीससाहेबांची हुशारी. रामोनसाहेबानं बजावलं होतं, बाटली हलवायची नाही. बांधकामावर सुरुंग उडाला की आमच्याकडे आधीच सगळं हादरायचं, त्याचाच साहेबाला इतका जाच व्हायचा की धमाका ऐकला की तो छातीला हात लावायचा. आणि सबनीसांनी मला काय हुकूम द्यावा? रोज प्रत्येक बाटली उचलायची, फडक्यानं पुसायची आणि लेबल वर येईल अशी ठेवायची. कारण वरचे साहेब कधीही पाहणीला येतील, धूळ दिसता कामा नये.

मी म्हटलं, "पण रामोनसाहेब म्हणाले..."

"तू सातवी. मी बीए. कोणाचं ऐकायचं?"

मी पुसल्या. एक दिवस रामोनसाहेब आत आला आणि त्या लखलखीत बाटल्या बघून जमिनीवरच बसला. सबनीस मागून आले. त्यांना परिस्थिती लगेच कळली. इंग्रजीत म्हणाले, हा मुलगा अडाणी आहे, न विचारता कारभार करतो. एवढं इंग्रजी मलाही समजत होतं. पण मी फडक्याची घडी घालत राहिलो.

साहेबानं माझ्याकडे बघितलं, माझ्या हातातल्या फडक्याकडे बघितलं, सबनीसांच्या इस्त्रीच्या शर्टाकडे बघितलं. मग बस्त्यावमामाला बोलावून काहीतरी सांगितलं. मामा मला म्हणाला, "आजपासून किल्ली तुझ्याकडे. मॅनेजरनं आत यायचं नाही. साहेब म्हणतो, हा बोलत नाही. वाइनला असाच माणूस लागतो."

*

मी हे घरी सांगितलं. बाबा अंगणात कोयतीला धार लावत होता. ताडी गेली तरी झाडं सुटली नव्हती, पालघरच्या नीरा केंद्रासाठी तो परवान्यावर नीरा काढायचा. नीरा म्हणजे पहाटेचा ताजा गोड रस. तिला दारू म्हणत नाहीत. पण तिला ऊन लागलं की संपलं, दुपारपर्यंत तिची ताडी होते आणि संध्याकाळी शिरका. म्हणून बाबा माठ खांद्यावर घेऊन उजाडायच्या आत निघायचा.

वाइन वर्षानुवर्षं ठेवतात आणि ती चांगली होत जाते, यावर त्याचा विश्वास बसेना.

"जुनं होऊन मुरतं ते दोनच," तो म्हणाला. "लोनचं, नि भावकीतलं भांडान."

*

पहिला पावसाळा संपल्यावर साहेबानं एक बाटली चाखायला फोडली. रविवारची दुपार, बरोबर दोन इंजिनियर. चाखायची त्यांची रीत अशी की आधी रंग बघायचा, ग्लास गोल फिरवायचा, वास घ्यायचा, मग घोट तोंडात घेऊन चूळ भरल्यासारखा घोळवायचा आणि थुंकायचा. थुंकायला पालघरच्या बाजारातून पितळी पिकदाणी आणली होती. लहानू तेव्हा बागेत कामाला लागला होता, तो खिडकीतून बघत होता. त्याच्या पाड्यावर आदल्याच आठवड्यात पोलिसांनी दारू शोधत घराघरांतली मडकी फोडली होती, त्यात एका म्हातारीचं पेजेचं मडकंही गेलं होतं.

तो म्हणाला, "इकत आनून थुकतात?"

मी म्हटलं, "हो."

"आमचं न इचारता सांडतात," एवढं बोलून तो परत खुरपायला लागला.

साहेबानं मलाही चमचाभर दिली. काय सांभाळतोस ते तुला कळायला पाहिजे, म्हणाला. मी घाबरलो. बस्त्यावमामा म्हणाला, "घे. थुंकलास म्हणजे प्यालास नाही." मी घेतली. कच्चं जांभूळ चावल्यावर होतं तसं झालं. जीभ टाळूला चिकटली, गालफडं आत ओढली गेली. आणि मागून मिऱ्यांसारखी ऊब. थुंकल्यावरही ती तोंडातून जाईना.

साहेब माझं तोंड बघून हसला. म्हणाला, "ती अजून रागात आहे. चांगली वाइन आधी रागावलेलीच असते. राग निवायला वेळ द्यावा लागतो."

मग त्यानं आपला ग्लास पुन्हा नाकाला लावला आणि वास ओळखायला लागला. आलुबुखार. चामडं. तंबाखू. आणि एकदम थांबला, डोळे मोठे केले.

"समुद्र! यात समुद्र आहे!"

दुसऱ्या दोघांनी हुंगलं. त्यांनाही समुद्र सापडला. साहेबाचे डोळे भरून आले. स्पेनमधल्या डोंगरावरच्या वाइननं तारापूरचा किनारा आत घेतला, असं काहीतरी तो बोलत होता.

बस्त्यावमामानं मला कोपरानं ढोसलं. ग्लास त्या थंड खोलीतच पालथे घातलेले असत. आणि किल्ली माझ्याकडे येण्याआधीपासून तिथं पेट्यांमागे सबनीससाहेबांचं एक पोतं होतं. खोली अंधारी, गार. सुकट ठेवायला त्याहून चांगली जागा कुठली? सातपाटीचे सुके बोंबील, दादरला सासुरवाडीला पाठवायचे.

हसलात? आता पुढचं ऐका. चार दिवसांनी वास सगळ्या गेस्टहाऊसात पसरला तेव्हा सबनीसांनी माझ्याकडून किल्ली घेऊन पोतं गुपचूप हलवलं आणि ठपका काशीबायवर ठेवला. ही मागच्या दारानं येते, घाण करते. तिचं किचनला येणं बंद झालं. रोजची टोपली आमच्या दारात रिकामी करणारी बाई, तिला आता टोपली घेऊन दारोदार फिरायला लागलं. मी मामाला म्हटलं, साहेबाला खरं सांगूया. मामा म्हणाला, "सांगितलं तर तिची टोपली परत येईल, पण आपली भांडी जातील." सबनीसांच्या सासुरवाडीला बोंबील मात्र पोचले.

*

दारूबंदीचा इन्स्पेक्टर महिन्यातून एकदा बाटल्या मोजायला यायचा. मोजून झाल्यावरही खोलीत रेंगाळायचा, हुंगायचा. गार वाटतं म्हणायचा.

त्याच इन्स्पेक्टरनं एका सकाळी केळव्याच्या रस्त्यावर बाबाला धरलं. बाबाच्या खांद्यावर माठ, माठात नीरा, खिशात परवाना. इन्स्पेक्टर म्हणाला, ही ताडी आहे. बाबा म्हणाला, चाखून बघा. त्यानं चाखली नाही. माठ चौकीत नेला आणि उन्हात ठेवला. दुपारी जेवणानंतर पंच बोलावले, झाकण काढलं, फेस आलेला होता. पंचांनी हुंगलं आणि अंगठे दिले.

बाबा एवढंच म्हणत राहिला, "मी रस आनला होता. त्याची दारू तुमच्या चौकीत झाली."

केस पालघरच्या कोर्टात गेली. परवाना रद्द होणार, वर शिक्षा. बाबाला शिक्षेचं फार वाटत नव्हतं. झाडं जाणार याचं वाटत होतं. चढायचं बंद झालं की ताडवाला माणूस बसल्या जागी म्हातारा होतो, आजोबांचं तसं झालेलं त्यानं पाहिलं होतं.

पुढच्या मोजणीला इन्स्पेक्टर आला तेव्हा मी मान खाली घालून उभा होतो. तो म्हणाला, "माहीमचा म्हातारा तुझा बाप ना? साक्ष माझीच आहे. त्या माठात काय होतं ते मला आठवेल किंवा आठवणार नाही." मग एका बाटलीवर बोट ठेवून म्हणाला, "अशी एक घरी असावी असं वाटतं."

किल्ली माझ्या खिशात होती. त्या दिवशी तिचं वजन मला पायापर्यंत जाणवत होतं. एक बाटली कमी झाली असती तर मोजणारा तोच होता.

मी घरी जाऊन बाबाला विचारलं. तो जेवत होता. घास खाली ठेवून म्हणाला, "मी झाडावर चढून खाल्लं. लोकांच्या कपाटात चढून नाय. बाटली घेऊन आलास तर माज्याशी बोलू नको."

*

दुसरा पावसाळा गेला. रामोनसाहेबाची परत जायची वेळ आली, तेव्हा त्यानं वाइन चाखायला सगळ्यांना दुपारच्या जेवणाला बोलावलं. सबनीसांनी इन्स्पेक्टरलाही बोलावलं. बाबाची तारीख त्याच आठवड्यात होती. आत येता येता इन्स्पेक्टर माझ्या कानाशी म्हणाला, "काय रे, विसरलास वाटतं?"

सबनीसांनी मला पहिल्या दिवसापासून एक नियम पाठ करून घेतला होता. दारू पिण्याचं परमिट बघितल्याशिवाय कोणाच्या ग्लासात थेंब पडता कामा नये, साक्षात कलेक्टर असला तरी. साहेब लोक परमिट खिशातच ठेवायचे, माझ्याकडे बघून हसत बाहेर काढायचे. त्या दिवशीही सगळ्यांनी काढलं. मी ओतत ओतत इन्स्पेक्टरपाशी आलो. त्यानं ग्लास पुढे केला.

मी म्हटलं, "साहेब, परमिट?"

माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. इन्स्पेक्टरचा ग्लास तसाच हवेत. रामोनसाहेबानं विचारलं, काय म्हणतोय तो?

सबनीस घाईघाईनं इंग्रजीत म्हणाले, "तो विचारतोय की साहेबांना पाणी हवं का."

सगळे इन्स्पेक्टरकडे बघायला लागले.

"येस," इन्स्पेक्टर म्हणाला. "वॉटर."

मी जग आणला आणि त्या मोठ्या पोटाच्या ग्लासात पाणी ओतलं. मग रामोनसाहेबानं सगळ्यांना ग्लास उजेडात धरायला लावले. इन्स्पेक्टरनंही धरला. फिरवला. हुंगला. वाइनचा राग निवला होता म्हणे, साहेब डोळे मिटून बसला होता. मग एकेकाला विचारत गेला, काय सापडलं? कोणाला लवंग सापडली, कोणाला जुनं लाकूड. इन्स्पेक्टरची पाळी आली.

"व्हेरी गुड," तो म्हणाला.

बस्त्यावमामा स्वयंपाकघरात जाऊन हसला. मला हसू आलं नाही. माझ्या एका शब्दानं बाबाची झाडं गेली, असंच मला वाटत होतं.

*

बाबा सुटला, हे आधीच सांगतो. म्हणजे जीव टांगून वाचायला नको. सांगण्यासारखं आहे ते सुटल्यानंतरचं.

पालघरच्या कोर्टात आम्ही सकाळपासून पडवीत बसलो होतो. उकाडा होता. शिपाई सगळ्यांना पाणी देत होता, बाबानं मात्र घेतलं नाही. कोपऱ्यातल्या तिपाईकडे टक लावून बसला होता. मला वाटलं, घाबरलाय.

पुकारा झाला. इन्स्पेक्टर साक्षीला उभा राहिला. त्यानं एकदा दाराशी उभ्या असलेल्या माझ्याकडे बघितलं. त्याला काय वाटलं असेल, हा पोरगा परमिटाचं आणि पाण्याचं कोणाकोणाला सांगत फिरेल असं की आणखी काही, मला माहीत नाही. तो म्हणाला, "साहेब, मुद्देमाल इथे आणताना वाटेत माठ फुटला. आत नीरा होती की ताडी, हे मी आता खात्रीनं सांगू शकत नाही."

"मग केस कशावर उभी आहे?" मॅजिस्ट्रेटसाहेब वैतागून म्हणाले. "पुरावा नाही. सोडा त्याला. परवाना परत द्या."

मी भिंतीला टेकलो. बाबा पिंजऱ्यातून खाली उतरेना.

"अरे, सुटलास तू. जा घरी," शिपाई म्हणाला आणि मॅजिस्ट्रेटसाहेबांपुढे पाण्याचा ग्लास ठेवला. त्यांनी तो उचलून घोट घेतला.

"साहेब," बाबा म्हणाला, "माठ फुटला नाय. पडवीत तिपाईवर हाय. गळ्याला काथ्या हाय, गाठ माज्या हातची हाय. सकाळपासून समद्यांना त्यातलंच पानी देतात."

इन्स्पेक्टर खिडकीबाहेर बघायला लागला.

बाबानं ग्लासाकडे बोट केलं.

"ते पानी पिऊ नका, साहेब. मुद्देमाल हाय तो."

मॅजिस्ट्रेटसाहेबांच्या तोंडात घोट तसाच होता.